न काढलेली टाचणी

१

विंचूरच्या वाइनरीतल्या तीन नंबरच्या टाकीतला रस एका रात्रीत वाया गेला. सकाळी दार उघडणाऱ्याला आधी वास आला आणि मग कळलं. आंबणाऱ्या द्राक्षाच्या रसाला फळाचा एक टवटवीत वास असतो. तो नव्हता. गूळ करपल्यासारखं काहीतरी नाकाला झोंबत होतं.

आंबताना रस आपला आपणच तापतो. टाकीभोवतीच्या नळ्यांमधून गार पाणी खेळवून त्याला ताळ्यावर ठेवावं लागतं. ते पाणी कोणत्या टाकीला कधी सोडायचं हे शेजारच्या खोलीतला कॉम्प्युटर ठरवत असे. कॉम्प्युटर चालू होता, पण त्याच्यावर अहोरात्र चालणारा प्रोग्राम बंद पडला होता. रात्रपाळीला त्या खोलीत एकच माणूस होता, सुरगाण्याकडचा हिरामण गावित.

वाइनरीचे मालक भिकाशेठ मोगल यांनी तिथूनच नाशिकला फोन लावला. प्रोग्राम गंगापूर रोडवर कॉम्प्युटरचा क्लास चालवणाऱ्या मोतीराम निरगुडे सरांनी लिहिलेला होता. फोन सरांच्या मुलीने, तेजस्विनीने उचलला. घरात माणसं मावत नव्हती. आदल्या संध्याकाळी सर गेले होते, आणि बाहेर तिरडी बांधायचं काम चाललं होतं.

“ताई, तुमचं मशीन झोपलं आणि माझी टाकी गेली,” भिकाशेठ म्हणाले. त्यांना काही माहीत नव्हतं.

“प्रोग्राम आपणहून बंद पडत नाही,” ती म्हणाली. “कुणीतरी बंद केला असेल.”

“रात्री तर हिरामण एकटाच होता.”

“मग त्यालाच विचारा.”

एवढं बोलून तिने फोन ठेवला आणि ती अण्णांच्या, आपल्या वडिलांच्या उशाशी जाऊन बसली. त्यानंतर तेरावा झाला, नातलग पांगले. ते बोलणं तिच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं.

एके दिवशी दुपारी हिरामण दारात आला. खुर्ची दिली तरी पायरीवरच बसला.

“सर गेल्याचं मला काल समजलं, ताई. लय वाईट झालं.” मग बराच वेळ तो चपलेचा अंगठा चाचपत राहिला. “शेठ म्हणतो, गंगापूर रोडच्या बाईंनीच सांगितलं, हिरामणनं मशीन बंद केलं. सोमवारी पोलिसात देणार हाय मला. एक विचारू? तुम्ही मशीन बघितलं का?”

“नाही.”

“मग कसं सांगितलं?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. एसटी किती वाजता आहे, असं कुणी विचारावं तसं त्याने विचारलं. तेजस्विनीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहायची लाज वाटली.

२

दुसऱ्या दिवशी ती विंचूरला पोचली. भिकाशेठ फाटकाशीच उभे होते.

“दुःखाचं घर तुमचं. कशाला त्रास घेतला? जे झालं ते उघड आहे. त्या हिरामणला रजा हवी होती. मी म्हटलं, हंगाम संपू दे. तर गडी काय म्हणतो माहितीये? मशीनच सगळं बघतंय तर मी कशाला पाहिजे? दोन दिवसांनी मशीन बंद. आता यात अवघड काय आहे?”

“ते तो हसत म्हणाला होता, शेठ,” मागून आवाज आला. पांढरा कोट घातलेली ललिता प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. रसाची रोजची तपासणी तीच करायची. “आणि तुम्हाला म्हणाला नव्हता, मला म्हणाला होता. मी तुम्हाला गंमत म्हणून सांगितलं. माझी जीभ छाटायला पाहिजे.”

“तुझी जीभ राहू दे. तुझं नाक कुठं होतं त्या रात्री?”

“नाक घरी होतं, पेठला. तुम्हीच सोडलं होतं.”

भिकाशेठ हसले नाहीत. त्यांनी खोलीची किल्ली काढून दिली. त्या दिवसापासून खोलीला कुलूप होतं. पोलिसांना जशीच्या तशी दाखवायची म्हणून त्यांनी कुणाला शिरू दिलं नव्हतं. टाक्यांचं पाणी तेव्हापासून माणसं हाताने सोडत होती.

आत कॉम्प्युटर घुमत होता. तेजस्विनीने पडद्यावरची धूळ ओढणीने पुसली. टाक्यांची नावं, आकडे, आणि सगळ्यात खाली इंग्रजीत एकच ओळ. ‘ट्रेस, ब्रेकपॉइंट ट्रॅप’.

“ही ओळ पहिल्या दिवसापासून आहे?”

“आहे की,” ललिता म्हणाली. “मशीन रोजच काहीबाही इंग्रजी लिहितं. कोण वाचतंय?”

तेजस्विनी स्टुलावर बसली. हिरामणने प्रोग्राम बंद केला असता तर खाली ही ओळ आलीच नसती. बटण दाबून थांबवला असता तर मशीनने निमूट जागा मोकळी केली असती. जोर करून मारला असता, तर मारला, असं सरळ लिहिलं असतं. मशीनला खोटं बोलता येत नाही. हिरामण निर्दोष आहे हे ही ओळ कुलूपबंद खोलीत रोज सांगत होती. त्या सकाळी फोनवर तिने एवढंच विचारायला हवं होतं, की पडद्यावर काय लिहिलंय. क्लासमध्ये नवीन आलेली पोरंसुद्धा पहिला प्रश्न तोच विचारतात.

“काय झालं?” ललिताने विचारलं.

“याला कुणी बंद केलेला नाही. हा सापळ्यात पाय पडून मेला.”

“कसला सापळा?”

“प्रोग्राम चालू असताना त्याच्या आत कुणीतरी लावलेला.”

३

ललिताने चहा आणला आणि दुसरं स्टूल ओढून बसली. “मला समजेल असं सांगा. मी रसायनशास्त्रवाली आहे, अडाणी नाही.”

तेजस्विनीने अण्णांचंच उदाहरण दिलं. ते निफाडकडच्या शेतकऱ्याच्या घरातले, क्लासमध्ये नेहमी पाटाच्या पाण्याचा दाखला द्यायचे. एका मशीनवर पुष्कळ प्रोग्राम चालतात, जशी एका पाटावर पुष्कळ शेतं. कुणाला कधी पाणी द्यायचं हे ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते. ती पाटकरी. एका शेतकऱ्याला दुसऱ्याच्या शेतातलं पाण्याचं दार हलवता येत नाही. हलवायचं तर पाटकऱ्याला सांगावं लागतं.

“डीबगर नावाचा एक प्रोग्राम असतो. दुसऱ्या, चालत्या प्रोग्रामच्या आत काय बिघडलंय ते बघायचं त्याचं काम. तो स्वतः काहीच करू शकत नाही. तो पाटकऱ्याला चार गोष्टी सांगतो. त्याला धर. त्याच्या आत काय आहे ते मला दाखव. अमुक ठिकाणी हा बदल कर. आणि काम झालं की सोड.”

“आणि ज्याला धरलंय त्याला कळत नाही?”

“नाही. थांबला तेही कळत नाही, पुन्हा चालू झाला तेही नाही.”

“म्हणजे भूतच की.”

“भुताला परवानगी लागत नाही. याला लागते.” तेजस्विनीने चहाचा कप खाली ठेवला. “प्रोग्राम एका विशिष्ट जागी पोचला की आपल्याला कळावं असं वाटत असेल, तर डीबगर तिथली मूळ सूचना काढून ठेवतो आणि तिच्या जागी सापळ्याची सूचना बसवतो. प्रोग्रामचा पाय त्यावर पडला की पाटकरी त्याला थांबवतो आणि डीबगरला उठवतो. डीबगर बघून घेतो, मूळ सूचना परत ठेवतो, प्रोग्राम पुढे जातो. पण सापळा लावून डीबगरच नाहीसा झाला तर? पाय पडतो, पाटकरी हाक मारतो, ओ द्यायला कुणी नाही. मग तो त्या प्रोग्रामलाच मारून टाकतो.”

मरताना प्रोग्राम आपल्या अखेरच्या क्षणाची एक फाइल मागे ठेवून गेला होता. ती उघडण्यासाठी तेजस्विनीने पासवर्ड घातला. मशीनने तो नाकारला. जुना घातला होता. मग जानेवारीत अण्णांनी तिच्याकडून पाठ करून घेतलेला नवा घातला, आणि फाइल उघडली.

प्रोग्राम कोणत्या सूचनेवर मेला ते तिथे होतं. त्याच जागी डिस्कवरच्या मूळ प्रतीत काय आहे ते तिने काढलं. तिथे साधी, निरुपद्रवी सूचना होती. सापळा कुठेच नव्हता.

“डिस्कवर नाही आणि पाय तर पडला,” ललिता हळूच म्हणाली. “म्हणजे फक्त चालत्या प्रोग्राममध्ये होता.”

“हो. आणि जागा बघा कुठली आहे. एकाच वेळी दोन टाक्या तापल्या तर काय करायचं, तो भाग. हंगामात क्वचित कधी तिथे पोचतो प्रोग्राम.”

“त्या रात्री दोन आणि तीन, दोन्ही भरलेल्या होत्या. दोन नंबर मी सकाळी पेठहून आल्या आल्या वाचवली.” ललिता थांबली. “हे आत शिरणं कुणाला जमतं?”

“ज्याच्याकडे इथला पासवर्ड आहे त्यालाच. नाशिकहून फोनच्या लाइनवरूनही येता येतं. पासवर्ड तिघांकडे.”

“कोण कोण?”

“मी. आमच्याकडे काम करणारा रुद्र, तो भांडून गेला पुण्याला.”

“आणि?”

“अण्णा,” ती म्हणाली, आणि कप उचलून रिकामा आहे हे दिसल्यावर पुन्हा खाली ठेवला. “पण ते तर त्याच संध्याकाळी गेले.”

४

रुद्र शनिवारी पुण्याहून घरी येत असे. गंगापूर रोडवरच्या चहाच्या टपरीजवळ, सरांच्या क्लासच्या समोर, तो आधीच येऊन उभा होता.

“तेराव्याला का आला नाहीस?”

“दारात तू उभी असशील म्हणून, तेजूताई.”

तेजस्विनीने प्रस्तावना केली नाही. सापळा, जागा, फाइल, सगळं एका दमात सांगितलं. रुद्र ऐकता ऐकता चहा प्यायचा थांबला.

“बाजारातला डीबगर जाताना आपले सापळे काढून जातो,” ती म्हणाली. “हे त्याचं काम नाही. हे टाचणीचं काम आहे.”

टाचणी म्हणजे अण्णांनी स्वतः लिहिलेला छोटासा डीबगर. पोरांना आतून कळावं म्हणून त्यांनी तो चार कामांपुरता बनवला होता. धर, दाखव, बदल, सोड. पुढे त्यांना त्याचा इतका लळा लागला, की स्वतःच्या कामालाही तेच वापरू लागले.

“टाचणी तुझ्याकडे आहे.”

“क्लासमधल्या प्रत्येकाकडे आहे. इगतपुरीहून क्लासला येणाऱ्या पोरांकडेसुद्धा आहे.”

“पासवर्ड त्यांच्याकडे नाही. तुझ्याकडे आहे.”

रुद्र हसला, पण ते हसू लगेच विरलं. “होता. जानेवारीत मी निघालो त्याच दिवशी सरांनी बदलला. मी चप्पल घालत होतो तेव्हा दारात मला सांगितलं, ‘विंचूरचं कुलूप बदललंय, उगाच दार वाजवू नकोस.’ घरच्या नोकराला सांगतात तसं.”

तेजस्विनीला आपली बोटं आठवली. जुना पासवर्ड मशीनने नाकारला होता. नवा दोघांनाच माहीत होता.

“तू भांडून का गेलास रे?” तिने विचारलं. आवाज आपला नाही असं तिला वाटलं. “अण्णा म्हणाले, पुण्याला मोठी नोकरी मिळाली, क्लासची लाज वाटायला लागली त्याला.”

“असं म्हणाले?” रुद्रने कप टपरीच्या कट्ट्यावर ठेवला. “मी त्यांना एक चूक दाखवली. दोन टाक्या एकाच वेळी तापल्या तर एकीलाच पाणी मिळेल, दुसरी तशीच राहील. कागदावर मांडून दाखवली, चार पोरांसमोर. तिथं माझं चुकलं. त्यांनी कागदाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, मी तीस वर्षं शिकवतोय.”

समोर क्लासचं दार बंद होतं. पाटीवर कुणीतरी शोकसभेचा कागद चिकटवला होता, त्याचं एक टोक सुटलं होतं.

“म्हणजे त्यांना ते पटलं होतं,” तेजस्विनी म्हणाली.

“पटलं असणार. सर हट्टी होते, मूर्ख नव्हते. पण दुरुस्ती करायची म्हणजे प्रोग्राम थांबवायचा, नवा बसवायचा. म्हणजे शेठला सांगायचं, की माझं चुकलंय. आणि शेठनं विचारलं असतं, कुणी शोधलं?” रुद्र खाली बघून बोलत होता. “मग काय करायचं? चालत्या प्रोग्रामच्या आत गुपचूप शिरायचं. नेमक्या त्या जागी टाचणी टोचून बसायचं. खरंच होतंय का ते बघायचं, आणि होत असेल तर तिथल्या तिथे बदलायचं. कुणाला पत्ता लागत नाही.”

“पण मग काढली का नाही?”

“टाचणीला एक खोड होती. सगळ्या वर्गाला माहीत होती. मधेच लाइन तुटली की ती स्वतःचं काही न आवरता मरते. टोचलेलं तसंच राहतं.”

“लाइन कशानं तुटते?”

रुद्रने तिच्याकडे पाहिलं. हे तिला माहीत नाही असं नव्हतं. त्या काळात ज्याच्या घरी मोडेम होता त्या प्रत्येक घरात हे माहीत होतं.

“घरातल्या दुसऱ्या फोनवर कुणी रिसीव्हर उचलला की,” तो म्हणाला.

५

सुमनबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसल्या होत्या. तेजस्विनी समोर बसली आणि तिनेही एक जुडी ओढून घेतली.

“आई, त्या संध्याकाळी अण्णा काय करत होते?”

“पेपर वाचत होते. सांगितलं ना सगळ्यांना.”

“कॉम्प्युटरवर होते का?”

सुमनबाईंचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले, पण पानं आणि काड्या एकाच ढिगात पडू लागल्या.

“तुला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही.”

बाहेर भाजीवाल्याने हाक दिली आणि तो पुढे गेला.

“मला म्हणाले, लाइन लावतोय, मी सांगेपर्यंत फोन उचलू नकोस. रोजचंच होतं ते. मी इथं पोळ्या करत होते. मग काहीतरी पडल्यासारखं वाटलं. हाक मारली. ओ नाही. जाऊन बघते तर मान टेबलावर. घामानं शर्ट भिजलेला. मी धावत इथं आले, फोनपाशी, आणि उभीच राहिले.”

“का?”

“उचलू नकोस म्हणाले होते ना.”

तेजस्विनीने जुडी खाली ठेवली.

“चाळीस वर्षं ऐकायची सवय,” सुमनबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी सपाट होता. “त्यांचं काम बिघडेल, मग ओरडतील, असं मनात आलं. माणूस तिकडं तसा पडलेला आणि मी इथं हात मागे घेऊन उभी. मग उचलला. तर तो किरकिर आवाज, कानात सुई घातल्यासारखा. घाबरून ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मग केव्हातरी लाइन मोकळी झाली. डॉक्टर म्हणाले, जरा आधी बोलवायला हवं होतं. कुणाला सांगू मी हे? म्हणून पेपर वाचत होते म्हणाले.”

तेजस्विनीला उठून आईजवळ जायचं होतं. पण आई मेथीच्या ढिगाकडे अशी बघत होती, की मधे हात घालायची सोय नव्हती.

“त्यांचं काही काम बिघडलं का गं त्यात?” सुमनबाईंनी विचारलं. “फोन उचलल्यानं?”

“नाही. तू उचललास ते बरोबर केलंस.”

पहिला शब्द खोटा होता. बाकीचे नव्हते.

६

सोमवारी सकाळी भिकाशेठच्या खोलीत ते तिघंच होते. भिकाशेठ, हिरामण आणि ती. हिरामण भिंतीला टेकून उभा होता. तिने सगळं क्रमाने सांगितलं. पडद्यावरची ओळ, म्हणून हिरामण नाही. डिस्कवर नसलेला सापळा, म्हणून बाहेरून आत शिरलेलं कुणीतरी. न आवरता गेलेला डीबगर, म्हणून टाचणी. बदललेला पासवर्ड, म्हणून रुद्र नाही. आणि सापळ्याची जागा अशी, की जिथं चूक आहे असं ठाऊक असलेला माणूसच ती निवडेल.

“ते माझे वडील. त्यांनी तुम्हाला न विचारता तुमच्या मशीनमध्ये हात घातला, स्वतःची चूक झाकायला. मधेच त्यांना झटका आला. लाइन तुटली.” कुणामुळे तुटली ते तिने सांगितलं नाही, आणि कधीच सांगणार नव्हती.

भिकाशेठनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “देवमाणूस होते सर. जाताना माझ्याच टाकीपाशी होते म्हणायचे.” थोडं थांबून ते पुढे झुकले. “ताई, झालं ते झालं. आता त्यांचं नाव कशाला मधे आणायचं? त्यांनी शिकवलेली पोरं कुठंकुठं मोठी झालीत. आपण म्हणू, मशीन बिघडलं. पोलिसात मी जात नाही. हिरामण उद्यापासून कामावर. कुणाचंच काही जात नाही.”

किती सोपं होतं. तिला वाटलं, मान हलवली की आपण मोकळ्या. अण्णांच्या शोकसभेत रुद्रसकट सगळे चांगलं बोलतील. ती खरोखरच मान हलवण्याच्या बेतात होती, आणि ते हिरामणने पाहिलं. त्याने नजर खाली वळवली, काहीतरी उघडंनागडं दिसल्यासारखी.

“आणि हिरामणचं नाव?” तिने विचारलं.

“त्याचं काय नाव?” भिकाशेठ म्हणाले. वाईट हेतूने म्हणाले नव्हते. खरंच त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

पाळी बदलायच्या वेळेला तेजस्विनी टाक्यांच्या शेडमध्ये उभी राहिली. माणसं डबे घेऊन गोळा झाली होती. तिने मशीन बिघडलं असं सांगितलं नाही. जे झालं ते सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि शेवटी आपलं फोनवरचं वाक्य जसंच्या तसं. मागून ललिता म्हणाली, “ऐकलं ना सगळ्यांनी? मग आता माझ्या जिभेचंही ऐका. मीच शेठना ती गंमत सांगितली होती.”

बाहेर आल्यावर हिरामण म्हणाला, “ताई, हितं झालं. पण हितं मी राहात नाय.”

७

सुरगाण्याच्या पुढे डांबर संपलं. जीपमधून उतरल्यावर ते बराच वेळ चालले. हिरामण पुढे आणि ती मागे. वाटेत भेटलेल्या एका माणसाने हिरामणकडे पाहिलं आणि न बोलता वाट सोडून तो बांधावरून गेला.

घरापुढे मोहाची फुलं वाळत घातली होती. हिरामणची आई, भागीबाई, त्यांच्यामधून कचरा वेचत होती. तेजस्विनी तिच्यासमोर उकिडवी बसली. इथं पाटकरी नव्हता आणि डीबगर नव्हता. सगळं गळून उरलेली गोष्ट दोन वाक्यांची होती.

“माझ्या बापानं मशीन अडकवलं होतं, मावशी. आणि मी न बघता तुमच्या मुलाचं नाव घेतलं.”

भागीबाईने एक फूल उचललं, फुंकलं, परत टाकलं.

“बाप कुठं हाय तुझा?”

“गेले. त्याच दिवशी.”

भागीबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ती दया असावी असं तेजस्विनीला वाटलं. पण ती बोलली तेव्हा आवाज कोरडाच होता.

“माझा पोर तसा नाय, ते मला ठावं हाय. मला सांगून काय व्हणार? गावात कोण त्याला तंबाखू देत नाय. हिरीवर माझी बादली बाजूला सारत्यात. ज्यांना ठावं नाय त्यांना सांग. सांजचे येतील समदे.”

“शेवटची जीप चारला जाते, आई,” हिरामण म्हणाला.

“जाऊ दे मग.”

तेजस्विनी तिथेच बसली. कुणी तिला पाणी विचारलं नाही, आणि तिनेही मागितलं नाही. थोड्या वेळाने ती फुलांमधला कचरा वेचू लागली. भागीबाईने नको म्हटलं नाही. उन्हं उतरली. डोंगराकडून लाकडाच्या मोळ्या घेऊन बाया आल्या, मग गुरांमागून माणसं. हिरामणने कुणाकुणाला हाक मारली. काही थांबले, काही लांबूनच उभे राहिले. एका म्हाताऱ्याने विचारलं, “कोण ही बाई?”

ती उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून तिने क्षणभर कुडाच्या मेढीला धरलं. तिथे तिला ओळखणारं कुणी नव्हतं. नुसतं आपलं नाव सांगितलं असतं तरी चाललं असतं.

“मी तेजस्विनी,” ती म्हणाली. मग जरा थांबली आणि मोठ्याने, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाली, “तेजस्विनी मोतीराम निरगुडे.”